कुकी कुणी ठेवली?

मी संशयी आहे असं माझी बायको म्हणते. ते खरं नाही. माझी नोकरी संशयी आहे. वजनमापे तपासणी खात्यात मी वरिष्ठ निरीक्षक आहे, आणि दुकानदाराच्या काट्यासमोर उभं राहून 'माणूस सज्जन दिसतोय, जाऊ दे' म्हणण्यासाठी मला कुणी पगार देत नाही. पारड्याखाली चिकटवलेली लोहचुंबकं आणि आतून पोखरलेली वजनं मी इतकी पाहिली आहेत की समोरचा गोड हसला की माझी नजर आधी त्याच्या टेबलाखाली जाते.

त्यामुळे घरात काहीतरी शिजतंय हे इतर कुणाच्या आधी माझ्या लक्षात आलं, यात नवल नाही. घरातली माणसं हळू बोलू लागली होती.

माझी बायको शाळेत गणित शिकवते. तिने वर्गात पाढा म्हटला तर मैदानापलीकडचा चहावाला बरोबर म्हणतो, असा तिचा लौकिक. अशी बाई स्वयंपाकघरात उभी राहून मुलीशी कुजबुजते, याचा अर्थ काय? मी तिथे गेलो की दोघी गप्प. मी विचारलं, "काय चाललंय?" की बायको म्हणणार, "काही नाही." ते 'काही नाही'सुद्धा ओठांच्या हालचालीवरून ओळखायचं. कार्यालयातही तेच. टायपिस्ट बाई पूर्वी खणखणीत बोलायच्या, त्यांनी आवाज उतरवला. आमचे साहेब बैठकीत असे बोलू लागले, जणू काही शब्दांचे पैसे त्यांच्या खिशातून जातात.

सगळं जग एकाच वेळी माझ्यापासून काय लपवतं आहे? बढती दुसऱ्याला जाणार? मुलीचं कुठे जमलंय? विचारणार कुणाला? जो सांगणार तोही हळूच सांगणार.

म्हणून एका रविवारी दोघी बाहेर गेल्यावर मी घरातल्या संगणकासमोर बसलो आणि इंटरनेटला विचारलं, 'माणसं हल्ली हळू का बोलतात?' उत्तरं निरुपयोगी आली. एक लेख वाणीसंयमावर होता आणि एक ग्रंथालयात कसं वागावं यावर. संगणक बंद करून मी झाडांना पाणी घालायला गेलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायको त्याच संगणकावर बातम्या वाचत होती. अचानक ती मोठ्याने म्हणाली, "अहो, ही जाहिरात बघा. कानाचं मशीन. किती छोटं असतं नाही? कानात घातलेलं दिसतसुद्धा नाही!"

आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

माझी पाचावर धारण बसली. मी 'कान' हा शब्द लिहिलाच नव्हता. माणसं हळू का बोलतात, एवढंच विचारलं होतं. त्यावरून या यंत्राने थेट माझ्या कानापर्यंत मजल मारली? आणि माझे कान उत्तम आहेत. काट्याचा काटा हलल्याचं मला दिसतं. ऐकू येत नाही, पण तो कुणालाच ऐकू येत नाही.

पुढचे काही दिवस ती जाहिरात माझ्या मागेच लागली. हवामान पाहायला जावं तर ढगांच्या शेजारी कान. बातम्या उघडाव्यात तर खाली कान. मी संगणकाच्या वरच्या बाजूच्या कॅमेऱ्यावर मलमपट्टी चिकटवली आणि त्या खोलीत दबक्या आवाजात बोलू लागलो. मी काय बोललो ते मलाच कळेना, पण सुरक्षिततेपुढे तेवढं चालायचंच.

मग मी समोरच्या बिऱ्हाडात गेलो. तिथे राहणाऱ्या गृहस्थांना अख्खी इमारत 'सर्वज्ञ' म्हणते. ते टपाल खात्यातून निवृत्त झाले आहेत, आणि एखादी गोष्ट आपल्याला ठाऊक नाही असं म्हणण्याची वेळ त्यांच्यावर अजून आलेली नाही. शिवाय ते अत्यंत मोठ्याने बोलतात. या काळात विश्वास ठेवावा असा तो एकच माणूस मला दिसत होता.

"ब्राउझर!" मी अर्धी हकिगत सांगताच ते गरजले. "तुमचा ब्राउझर फितूर झालाय."

"ब्राउझर म्हणजे नेमकं काय हो?"

"ब्राउझर म्हणजे इंटरनेट."

"आणि इंटरनेट म्हणजे?"

"ते ब्राउझरमध्ये असतं," सर्वज्ञ म्हणाले आणि पुढचा प्रश्न येऊ नये म्हणून चष्मा पुसायला लागले. मग म्हणाले, "हे बघा, त्याच्याकडे तुमचा सगळा इतिहास असतो. तो पुसायचा. कॅश साफ करायची."

"कॅश?" मी दचकलो. "बँकेतली?"

"ब्राउझरमधली."

ब्राउझरमध्ये माझी कॅश आहे हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी घरी येऊन आधी बँकेचं पासबुक पाहिलं, मग मुलीला गाठलं. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि संगणकातलं तिला कळतं. अर्थात मी थेट विचारणारा नव्हे.

"आमच्या कार्यालयात एक जण आहे," मी म्हणालो. "त्याला ब्राउझर म्हणजे काय ते कळत नाही."

"बरं," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून माझ्या अगदी जवळ बसली. "त्यांना सांगा, ब्राउझर हा संगणकातला एक प्रोग्रॅम आहे, बास. इंटरनेट वेगळं. तुम्ही वर पत्ता लिहिता. तो पत्ता माणसांच्या भाषेतला. यंत्रांना नंबर लागतो. म्हणून ब्राउझर आधी विचारपूस करून त्या नावाचा नंबर शोधतो. मग त्या नंबरच्या यंत्राकडे जाऊन म्हणतो, हे पान द्या."

"आणि ते पान देतं?"

"तयार पान नाही देत. सूचना देतं. इथे मोठा मथळा, इथे चित्र, इथे बटण. चित्रं कुठून आणायची तेही त्यातच लिहिलेलं. ब्राउझर ते सगळं गोळा करतो आणि सूचना वाचून तुमच्यासमोर पान मांडतो. तुम्हाला वाटतं पान आलं. खरं तर पान इथेच, तुमच्या संगणकात बनतं."

हे मला आवडलं. म्हणजे नकाशा तिकडून येतो, घर इथे बांधलं जातं. "मग जाहिराती?"

"एकाच पानावरच्या सूचनांमध्ये दहा ठिकाणांहून वस्तू आणायला सांगितलेलं असतं. जाहिरात तिसऱ्याच दुकानातून येते. आणि ते दुकान चित्र देताना ब्राउझरजवळ एक कुकी ठेवतं."

"कुणी ठेवतं?"

"कुकी."

"अगं, तेच विचारतोय. कुणी?"

"बाबा, कुकी!"

"कुणीतरी ठेवल्याशिवाय तिथे येईल का? नाव सांग!"

शेवटी तिने कागदावर 'कुकी' असं मोठ्या अक्षरात लिहून माझ्यासमोर धरलं. कुकी म्हणजे एक चिठ्ठी. जाहिरातवाला ती ब्राउझरच्या खिशात सरकवतो. तुम्ही दुसऱ्या पानावर गेलात आणि तिथेही त्याचंच दुकान असलं, की ब्राउझर इमानदारीने ती चिठ्ठी त्याला दाखवतो. चिठ्ठी पाहून तो ओळखतो की हे गिऱ्हाईक काल कान बघून गेलं.

"म्हणजे मला न विचारता परक्यांच्या चिठ्ठ्या खिशात घालून हा माझ्या घरात फिरतो?"

"विचारतो की. तुम्ही दर वेळी 'मान्य' दाबता."

मी कागदावरचं 'कुकी' पुन्हा एकदा वाचू लागलो. आयुष्यभर दुकानदारांना 'वाचल्याशिवाय सही का केलीत?' म्हणून झापणाऱ्या माणसाने या प्रसंगी दुसरं काय करावं?

"तुमच्या त्या सहकाऱ्याला सांगा," मुलगी उठता उठता म्हणाली, "खाजगी खिडकी म्हणून एक असते. ती बंद केली की या संगणकावर काही मागे राहत नाही. पण पलीकडच्या यंत्राला आपण दिसतोच, हेही सांगा."

यातलं पहिलं वाक्य मी नीट ऐकलं. दुसऱ्याच्या वेळी तिने तोंड फिरवलं होतं.

तेव्हापासून मी खाजगी खिडकी वापरू लागलो. ती काळी असते. तिचा काळा रंग पाहूनच मला धीर आला. दोघी आपापल्या कामात असल्या की मी दार लोटून बसायचो आणि निर्धास्तपणे विचारायचो, 'बायको कुजबुजते, कारण काय?', 'साहेब तोंडातल्या तोंडात बोलतात, अर्थ काय?' एके दिवशी असाच बसलो असताना मानेवर कुणाचा तरी श्वास जाणवला. बायको माझ्या मागे उभी होती. किती वेळ, देव जाणे. मी झटकन खिडकी बंद केली. इतक्या झटकन की कपातला चहा कळफलकावर सांडला.

"काय होतं ते काळं?" तिने विचारलं. या वेळी मला स्वच्छ ऐकू आलं, कारण ती ओरडली होती.

"कुकीमुळे," मी गडबडून म्हणालो. "कुकीला कळू नये म्हणून."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग आत गेली. मला वाटलं, पटलं तिला.

फडक्याने कळफलक पुसताना मी निर्णय घेतला की आता अर्धवट उपाय नकोत. सर्वज्ञांना बोलावून आणलं. ब्राउझरच्या कोपऱ्यातल्या यादीत शिरून त्यांनी 'सर्व पुसा'चं पान काढलं. इतिहास, कुकी, कॅश (म्हणजे पैसे नव्हेत, आधी पाहिलेल्या पानांचा साठा), साठवलेले पासवर्ड, असे चौकोन होते. सर्वज्ञ म्हणाले, "सगळ्यांवर खूण करा. शत्रूचा एकही माणूस मागे ठेवायचा नाही." मी खुणा केल्या आणि बटण दाबलं. क्षणार्धात आमचा ब्राउझर नवजात अर्भकासारखा निरागस झाला.

त्या संध्याकाळचं घरातलं वातावरण सांगत नाही. बायकोने शाळेच्या निकालाच्या संकेतस्थळावर जायला बघितलं, तर ते म्हणे आपण कोण? मुलीच्या कॉलेजचंही तेच. त्यांचे पासवर्ड ब्राउझरला पाठ होते, त्यांना नव्हते. दोघी माझ्याशी काय बोलल्या ते मला पूर्ण ऐकू आलं नाही, आणि ऐकू न येण्याचेही फायदे असतात हे मला पहिल्यांदाच कळलं.

पण खरा घाव माझ्यावरच बसायचा होता. खात्याचा वार्षिक तपासणी अहवाल घरून भरता येतो. मी पोर्टल उघडलं. त्यानेही मला ओळखलं नाही. ओळखीची चिठ्ठी मीच स्वहस्ते पुसली होती. पासवर्ड बॅगेतल्या डायरीत होता म्हणून वाचलो. पण पोर्टल म्हणालं, 'आपण नव्या ब्राउझरवरून आला आहात. खात्री करण्यासाठी आपल्याला फोनवरून सांकेतिक क्रमांक ऐकवण्यात येईल.'

ऐकवण्यात!

फोन वाजला. एक बाई आकडे सांगू लागली. तिने 'सात' म्हटलं की 'आठ', हे मी आजही शपथेवर सांगू शकणार नाही. मध्ये एक 'तीन' होता किंवा बाई शिंकली. मी टाकलेला क्रमांक चुकला. पुन्हा फोन. फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर नेला, भांड्यात ठेवून पाहिला. बायको शेजारच्या खोलीत होती. पण सांकेतिक क्रमांक कुणालाही कळू देऊ नये अशी सूचना त्या बाईनेच आधी दिली होती आणि नेमकी तीच मला ऐकू आली होती. शेवटी पोर्टलने माझं खातं गोठवलं आणि मला संशयित ठरवलं. मला! वरिष्ठ निरीक्षकाला!

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे उभं राहणं आलं. पंखा घरघरत होता. साहेब बराच वेळ बोलले. मध्ये 'ब्राउझर' आला, मध्ये 'सगळ्यांना' आला. त्यांचा चेहरा प्रश्नार्थक झाला की मी "हो हो, अवश्य" म्हणत होतो. गेलं वर्षभर मी याच पद्धतीने नोकरी करत होतो आणि कुणाची तक्रार नव्हती. साहेब खूश होऊन हात मिळवायला उठले तेव्हा मात्र शंका आली.

दुपारी फलकावर सूचना लागली. 'ब्राउझर: ओळख व दक्षता. वक्ते: आपले वरिष्ठ निरीक्षक. सर्वांची उपस्थिती अनिवार्य.'

मी मुलीकडून सगळं पुन्हा समजावून घेतलं, या वेळी लिहून. आणि खरं सांगतो, भाषण छान झालं. मी म्हणालो, ब्राउझरला दुकान समजू नका, हा तुमचा हरकाम्या आहे. तो निरोप घेऊन जातो, सामान आणतो, मांडून दाखवतो. दुकानदार लबाड असला तर दोष हरकाम्याचा नाही, पण त्याच्या खिशात कोण काय घालतं यावर तुमची नजर हवी. पत्त्याच्या शेजारी कुलूप दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच की वाटेत कुणी निरोप वाचत नाही. दुकानदार प्रामाणिक आहे असा त्याचा अर्थ नाही. यावर साहेबांनी मान डोलावली. काही जण लिहून घेत होते. वर्षभरात पहिल्यांदाच मला वाटलं, जग काय कुजबुजायचं ते कुजबुजू दे.

आणि मग साहेब म्हणाले, "प्रश्न विचारा."

टायपिस्ट बाई मागच्या रांगेतून उठल्या. त्यांनी विचारलं होतं, "कुकी नाकारली तर चालते का?" हे मला नंतर कळलं. मला ऐकू आलं ते, "खिडकी उघडली तर चालते का?"

"उघडा की," मी म्हणालो, "उकडतंयच!"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. शिपायाने उठून खिडकी उघडली आणि साहेबांच्या पुढ्यातले कागद उडाले. ते गोळा होईपर्यंत हेडक्लार्क उभे राहिले. त्यांचा प्रश्न होता, "तुम्ही स्वतः कोणता वापरता?"

मी ऐकलं, "काल कोणता वार होता?" प्रश्न विचित्र वाटला. पण कागदांच्या गोंधळात तारखा चुकल्या असतील.

"बुधवार," मी ठामपणे सांगितलं.

पुढच्या रांगेतल्या एका नव्या निरीक्षकाने वहीत लिहून घेतलं, 'बुधवार: उत्तम ब्राउझर.' बाकीचे हसत होते. मीही हसलो. सगळे हसत असताना एकट्याने गंभीर राहिलं की लोकांना संशय येतो.

नंतर साहेबांनी मला केबिनमध्ये नेलं, पंखा बंद केला आणि माझ्या कानाशी येऊन, अत्यंत आपुलकीने, अख्ख्या कार्यालयाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "कान दाखवून घ्या हो! नोकरीला काही होत नाही! काटा डोळ्यांनी बघायचा असतो!"

केबिनबाहेर टायपिंग थांबलं होतं. तेवढं मला न ऐकताही कळलं.

घरी आलो तर बायको समोरच बसली होती. मुलगीही होती. मी चपला काढायच्या आत बायको म्हणाली, "आधी मला एक सांगा. ही कुकी कोण?"

"काय?"

"कुकी! जिला कळू नये म्हणून काळ्या खिडकीत बसता. जिच्यामुळे सगळं पुसून टाकलंत!" तिचा आवाज फाटत होता आणि डोळे भरले होते. "इतक्या वर्षांनी ही वेळ आणलीत माझ्यावर!"

मुलीने तोंडाला ओढणी लावली आणि भिंतीकडे वळून हलू लागली. आधी मला वाटलं रडते आहे.

मी खाली बसलो. एवढा दिवस गेल्यावर माझ्यात खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं. "कुणी नाही गं ती," मी म्हणालो. "मला ऐकू येत नाही. तुम्ही दोघी काय बोलता ते मला कळत नाही. तुम्ही मला वगळून बोलता असं वाटायचं. म्हणून इंटरनेटला विचारत होतो, लोक हळू का बोलतात."

बायकोने डोळे पुसले. मग माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझ्या उजव्या कानाशी म्हणाली, "वर्षभर तुमच्याशी ओरडून ओरडून माझा घसा गेला. डॉक्टरांनी हळू बोलायला सांगितलंय."

"मग ते आधी सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, 'हो हो, अवश्य.'"

"आणि त्या जाहिराती? मी कानाचं नावही काढलं नव्हतं, तरी ब्राउझरला कसं कळलं?"

ती जरा ओशाळली. "त्या तुमच्यामुळे नव्हत्या. मी महिनाभर शोधत होते कानाची मशिनं, तुमच्यासाठी. तुम्हाला थेट सांगितलं तर चिडाल. म्हणून जाहिरात दाखवून बघितली, चेहऱ्यावर काही उमटतं का. तुम्ही कॅमेऱ्याला पट्टी लावलीत."

मुलीने आता लपवणं सोडून दिलं होतं. ती जमिनीवर बसून हसत होती.

"चांगल्या डॉक्टरांची पानं मी बघून ठेवली होती," बायको म्हणाली. "म्हटलं, इतिहासातून काढू. तो तुम्ही पुसलात."

डॉक्टर पुन्हा शोधावा लागला. त्यांनी मला बंद खोलीत बसवून बारीक शिट्ट्या ऐकवल्या, आणि ज्या ऐकू आल्या नाहीत त्यांनाही मी सवयीने हात वर केल्याबद्दल रागावले. तपासणीअंती दोन्ही कान कमजोर निघाले. निरीक्षकाच्या स्वभावाला धरून मी मशिनाची खरेदी तीन ठिकाणी पडताळली. चौथ्या ठिकाणी बायकोने माझा हात धरून खाली बसवलं.

मशीन घालून घरी आलो त्या संध्याकाळी मी मुद्दाम वर्तमानपत्र डोळ्यांपुढे धरून बसलो. स्वयंपाकघरातलं बोलणं एकेक अक्षर स्वच्छ ऐकू येत होतं. नळाचा वॉशर बदलायचा होता. पडदे धुवायला टाकायचे होते. शाळेतल्या एका बाईंनी केस फारच आखूड कापले होते. दूध उद्या जास्त घ्यायचं होतं. मी कान देऊन ऐकत राहिलो. माझ्याबद्दल एक अक्षर नाही! वर्षभर ज्या कुजबुजीपायी मी झोप घालवली होती, तिच्यात मी नव्हतोच. ब्राउझरने तरी माझी दखल घेतली होती, असं मनात आलं, पण त्यानेही बायकोचीच घेतली होती. माणसाला इतकं बिनमहत्त्वाचं कुणी करू नये.

मी वर्तमानपत्र घडी घालून ठेवणार, इतक्यात आत मुलीने काहीतरी बोलायला सुरुवात केली, आणि बायकोचा आवाज आला, "शू! हळू बोल. आता त्यांना ऐकू येतं."

फार बरं वाटलं.